न दिसणारा टाका



‘जगात भारी’ असं आपण कोल्हापूरकर छातीठोकपणे म्हणतो, आणि म्हणावंच. पण हे भारीपण या गावात कुणी कमावलं ते शोधू गेलं, की पदकं आणि टाळ्या मागं पडतात आणि रोज तेच काम करत बसलेली माणसं पुढं येतात. आपण मुलांना सांगत आलोय की आधी राबा, मग निकाल लागेल, मग नोकरी लागेल, आणि आनंद त्यानंतर. हा हिशेब मला मान्य नाही. नीट काम करताना त्या कामातच जी गोडी लागते, तिच्याविषयी मला आज बोलायचंय.

गवई अल्लादिया खाँसाहेबांचं आयुष्य बघा. १८५५ साली राजस्थानात उनियाऱ्याला जन्म, घराण्यात धृपदाची परंपरा, चुलते जहांगीर खाँ यांची तालीम. आमलेट्याच्या दरबारी असताना गाण्याचा अतिरेक झाला आणि आवाज गेला. कालांतरानं परत आला, पण पूर्वीचा तजेला आला नाही. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या श्रोत्यांना सांगायला नको. उरलेल्या आवाजाला काय पेलेल, याचा शोध घेत खाँसाहेबांनी गाणं नव्यानं बांधलं. लयीच्या अंगानं चालणारं, मात्रेमात्रेचं भान ठेवत समेवर येणारं, पेचदार तानांचं हे गाणं. त्यालाच आज आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई केलं आणि महाराज १९२२ साली जाईपर्यंत खाँसाहेब या गावात राहिले.

‘आहे त्यात समाधान मान’ असा सल्ला आपण सर्रास देतो. खाँसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गेलेल्या आवाजासाठी झुरण्यात आयुष्य घालवलं नाही, आणि उरलेला आवाज कमी प्रतीचा म्हणून त्याच्याकडून कमी प्रतीचं गाणंही गाऊन घेतलं नाही. ही दुसरी गोष्ट फार अवघड आहे. वय झालेल्या, दुखणं मागं लागलेल्या प्रत्येकानं मनाशी धरावी अशी आहे.

केसरबाई केरकरांनी १९२१ साली खाँसाहेबांचा गंडा बांधला. तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, गायिका म्हणून नाव होत होतं. तरी त्या शिकायला बसल्या, आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, याचा आपल्याला अभिमान आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते हे पाव शतकाचं शिकणं. नुसत्या नावासाठी कुणी इतकी वर्षं शिकत नाही.

बाबूराव पेंटरांचंही तसंच. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ते आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव सिनेमाच्या नादी लागले. कॅमेरा आपणच करायचा, हा ध्यास. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला.

ही झाली नावं असलेली माणसं. आता कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यांच्या सुभाषनगरात, जवाहरनगरात जाऊ.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजवायचं, ठोकायचं, रापीनं तळ बेतायचा, आरीनं भोकं पाडायची आणि कातड्याच्याच वादीनं शिवायचं. अस्सल जोडीत खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी बहुधा घरातल्या बायका विणतात. आणि तळाच्या दोन थरांमध्ये काही कारागीर ‘विंचू’ नावाचं बी घालत. कशासाठी? चालताना करकर वाजावं म्हणून! त्यानं चालणं सोपं होत नाही, जोडी जास्त टिकत नाही. पायताणाला स्वतःचा आवाज असावा असं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याच्या मनाची ऐट बघा. ज्यांना गावानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यांनी गावाच्या पायासाठी ही हौस केली. हे मी मान खाली घालून सांगतो.

म्हणून पैशाचंही स्पष्ट बोललं पाहिजे. पोट रिकामं असताना कामातल्या आनंदाच्या गोष्टी सांगणं हा अन्याय आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं तशीच पायताणं कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण संतापलो. संताप योग्यच होता. पुढं त्या कंपनीनं मूळ मान्यही केलं. पण आपण स्वतः चप्पल लाइनीतल्या दुकानात गेल्यावर काय करतो? यंत्रावर चिकटवलेल्या जोडीच्या भावात हातशिलाईची जोडी मागतो. मग त्या कारागिराच्या पोरानं रापी का उचलावी?

पुढची जोडी घ्याल तेव्हा ती उलटी करा. काठानं गेलेला वादीचा टाका बोटानं चाचपा. कुणी शिवली, वेणी कुणी घातली, ते दुकानदाराला विचारा, आणि हातशिलाईचा जो दाम असेल तो घासाघीस न करता द्या.