शिक्षकाच्या हातातला मोबाइल

(अमरावतीत तरुण शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अकोल्याचा. इंजिनीअरिंग शिकलो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा मोबाइलला शिव्या घालायला मी आलेलो नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. साधन तेच असते, वापरणारा हात महत्त्वाचा.

दुसरी बाजू आपल्या वऱ्हाडाने भोगली आहे. त्रिपुरातल्या घटनांवरून नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दोन दिवस तोडफोड झाली. मे २०२३ मध्ये इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली, एकाचा जीव गेला. दोन्ही वेळा इंटरनेट बंद झाले. अशा रात्री ग्रुपवर येणारा व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कुणालाच माहीत नसते. पालक सरांच्या, मॅडमच्या शब्दाकडे बघतात. तुम्ही फॉरवर्ड केले की त्यावर शाळेचा शिक्का बसतो.

म्हणून चार कामाच्या गोष्टी.

पहिली, मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर थांबा. तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगणारी पोस्टही याला अपवाद नाही. उलट जी लगेच पटते, तीच आधी तपासा. खोटी निघाली तर उद्या आपली खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही.

दुसरी, वर्गाच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असे नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले आहे. कायद्याने तुम्ही सुटाल, पण पालकांचा गेलेला विश्वास कोर्ट परत देत नाही.

तिसरी, ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. कितीतरी मुली घरातल्या याच धास्तीने ग्रुपबाहेर राहतात. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. फक्त तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह असायला हवा. मुलांचे फोटोही पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम ठेवला आहे.

चौथी, अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो अब्बांबरोबर संध्याकाळी घरी येतो. सकाळी टाकलेला अभ्यास दुपारी मागू नका. मोठा व्हिडिओ पाठवण्यापेक्षा दोन मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवा, डेटा कमी लागतो. आणि महत्त्वाचा अभ्यास फळ्यावर, वहीतही द्या. नेट बंद झाले तरी वही उघडता येते.

ज्या दिवशी गावात अफवा फिरेल, त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर एकच ओळ जाऊ द्या : ‘ही बातमी तपासलेली नाही, पुढे पाठवू नका.’ वर्षभर जपून लिहिले असेल, तरच त्या ओळीला वजन येईल.