ठराव आणि गोळी

आज वैद्यकशास्त्राची पदवी घेणाऱ्या स्नातकांनो,

प्रथेप्रमाणे मी आपले अभिनंदन करतो, आपल्या आईवडिलांचे किंचित अधिक करतो, आणि ज्या कामात माझे आयुष्य गेले त्याकडे वळतो.

आमच्या उमेदवारीच्या काळात हृदयविकाराच्या विभागात नेमणूक मिळावी म्हणून शिफारशी चालत. फेफऱ्याचे, म्हणजे अपस्माराचे, रुग्ण मात्र ज्याची शिफारस करणारा कोणी नसे, अशा माझ्यासारख्याच्या वाट्याला येत. तेथे मुलींचे वडील केसपेपरवर रोगाचे नाव लिहू नका म्हणून हात जोडीत, कारण पोरीचे लग्न ठरायचे असे. आणि त्यांना भित्रे म्हणावे, तर कायदाच त्यांच्या भीतीला दुजोरा देत होता. आकडी आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरणाऱ्या खेडुताला आम्ही अडाणी म्हणत असू. परंतु १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून अपस्माराच्या झटक्यांना वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला बसविले, ते काही खेडुतांनी नव्हे, आणि तो शब्द कायद्यातून निघायला १९९९ साल उजाडले.

आंतरराष्ट्रीय दप्तरातील हकीकतही फारशी निराळी नाही. १९०९ साली डॉक्टरांनी बुडापेस्टला अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. रुग्णांच्या व त्यांच्या आप्तांच्या वतीने बोलणारा आंतरराष्ट्रीय ब्यूरो मात्र निघाला तो १९६१ साली. त्यानंतरही एका परदेशी परिषदेत, स्वतः हा विकार असलेल्या एका बाईंना चहाच्या सुट्टीला खेटून वेळ दिलेला मी पाहिला आहे. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्या खुर्च्यांचे धनी बाहेर, औषधकंपन्यांच्या मांडवाखाली, रुग्णकल्याणाची चर्चा करीत होते.

पुढे दिवस पालटले, हे मान्य केले पाहिजे. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेने संघ व ब्यूरो ह्या दोन्ही संस्थांसह जागतिक मोहीम उघडली, २०१५ साली जागतिक आरोग्य सभेने अपस्मारावर ठराव केला, आणि २०२२ साली २०३१ पर्यंतचा कृती-आराखडा मंजूर झाला. परंतु जगातल्या सुमारे ५ कोटी अपस्मारग्रस्तांपैकी जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि वेळेवर निदान होऊन औषध मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त होऊ शकतात, हे ठाऊक असूनही ते औषध त्यांच्या गावी पोहोचत नाही, ह्याचा मला आजही संताप येतो. फेनोबार्बिटोन हे अपस्मारावरचे औषध १९१२ पासून वापरात आहे. ते अत्यंत स्वस्त आहे, म्हणूनच त्याची जाहिरात करायला कोणी येत नाही. एका सरकारी दवाखान्यात ते नशेच्या औषधांच्या कपाटात कुलूपबंद असे, आणि मागणीपत्रकावर सही करणारे साहेब दौऱ्यावर. दरम्यान गोळी अचानक बंद पडल्याने ज्याला थांबता न थांबणारे झटके सुरू झाले, त्याच्या केसपेपरवर ‘औषध घेण्यात हयगय’ असा शेरा पडला!

हा शेरा आपण कधीही लिहू नका, एवढेच माझे आग्रहाचे मागणे आहे. जागतिक आरोग्य सभेचे जिनिव्हातले ठराव मोलाचे आहेत, आणि त्यांच्या मसुद्यांतल्या एकेका शब्दासाठी मीही भांडलो आहे. पण ठरावाची तामिली औषधभांडारात होते. म्हणून पहिल्या नेमणुकीच्या गावी रुजू झाल्यावर कपाटाची चावी कोणाकडे असते, मागणीपत्रक कोणत्या तारखेला जाते आणि साठा किती दिवस पुरेल, हे विचारा. आणि ते प्रथम रुग्णालाच विचारा, कारण गोळी संपली हे भांडारपालाच्या आधी त्याला कळलेले असते.