जोशुआ ट्रीमधली पायवाट

अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात, जोशुआ ट्री नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं तिथे एकमेकांना भिडतात. तिथली पायवाट निवडताना आधी नकाशा नव्हे, घड्याळ आणि पाण्याची बाटली बघायची.

पहिल्यांदाच जात असाल, तर हिडन व्हॅलीची फेरी घ्या. जेमतेम दीड किलोमीटर, चहूबाजूंनी प्रचंड खडक आणि मधोमध जोशुआची ती वेडीवाकडी झाडं. रायन माउंटन मात्र दम काढतो. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच, पण चढ हजार फुटांचा.

आपल्या सह्याद्रीतल्या भटक्यांना खरी फसवते ती फॉर्टीनाइन पाम्सची वाट. गड चढताना दमलो, तरी परतीला उतार असतो, ही आपली सवय. इथे आधी धार चढायची आणि मग पलीकडे ताडांच्या पाणथळ राईत उतरायचं. म्हणजे परततानाही चढच, तोही उन्हात, सावलीशिवाय. अंतर पाच किलोमीटर बघून माणूस निर्धास्त होतो, तिथेच चुकतो.

उद्यानाच्या आतल्या भागात पिण्याचं पाणी मिळत नाही. माणशी दिवसाला चार लिटर सोबत हवंच. मोबाइलला रेंजही बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून कुठल्या वाटेने निघालोय ते कुणाला तरी सांगून ठेवा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चालायला बरा. उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन तापायच्या आत परत या, आणि अर्धी बाटली संपली की तिथूनच मागे फिरा.