गवंड्याचा अर्ज
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कामकऱ्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



या मंदिराच्या भिंती ज्या हातांनीं उभारिल्या त्या हातांचा आज गौरव आहे. गवंडी, सुतार, लोहार, बिगारी, तसेंच डोईवर घमेलें वाहणाऱ्या भगिनी, अशा सर्वांस उद्देशून चार शब्द बोलावे अशी महोत्सव मंडळाची आज्ञा झाली. गंभीर उपदेश आपण दर रविवारीं ऐकतांच; म्हणून आज आम्ही एका गवंड्याची गोष्ट सांगणार आहों.

गोष्ट इंग्लंडांतील. गेरार्ड हॉफनुंग नांवाच्या विनोदी चित्रकारानें ती १९५८ सालीं ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांच्या वादसभेंत सांगितली, तेव्हां श्रोत्यांची हसतां हसतां मुरकुंडी वळली. गोष्ट त्याच्याही आधींची आहे. ती घडलेली असो वा रचलेली असो, ज्यानें परांचीवर पाय ठेविला आहे त्यास ती खरीच वाटेल.

एका गवंड्यानें मालकाकडे रजेचा अर्ज केला. त्याचा मतलब असा: वादळानें मोडलेल्या इमारतीची डागडुजी झाली आणि वर पुष्कळ विटा उरल्या. गवंडी एकटाच. त्यानें माथ्यावर तुळई बसवून तीस कप्पी लाविली, रिकामें पिंप दोरानें वर चढविलें, दोर खालीं बांधून टाकिला, वर जाऊन पिंप विटांनीं भरलें, आणि खालीं येऊन दोर सोडविला. विटा त्याच्याहून जड निघाल्या. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. पण भल्या माणसानें दोर कांहीं सोडिला नाहीं. अर्ध्या वाटेंत खालीं येणाऱ्या पिंपाची भेट झाली व खांदा दुखावला. वर पोहोंचतांच डोकें तुळईवर आपटलें आणि बोटें कप्पींत चेंगरलीं. इकडे पिंप जमिनीवर आदळलें, त्याचा तळ फुटला आणि विटा सांडल्या. आतां गवंडी जड आणि पिंप हलकें! तो वेगानें खालीं निघाला. वाटेंत तेंच पिंप पुनः भेटलें. या खेपेस नडग्यांस. शेवटीं तो विटांच्या ढिगावर पडला, त्याचें भान हरपलें आणि दोर हातांतून सुटला. तेव्हां पिंपानें तिसरी भेट दिली, ती डोक्यावर. सबब रजा मंजूर व्हावी.

आपण हसलां, हें बरें झालें. आतां थोडा विचार करूं. यांत दैवाचा दोष नाहीं. जॉर्ज अ‍ॅटवूड या इंग्रज पंडितानें १७८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत कप्पीच्या दोन बाजूंस दोन वजनें टांगून गतीचे नियम समजाविले. या गवंड्यानें एका बाजूस स्वतःसच टांगून घेतलें. आपल्याकडील वीट सुमारें ३ किलोची. तीस विटांचे ९० किलो होतात, आणि राबणारा माणूस बहुधा साठ-पासष्ट किलोचा. तोच दोर खांबास दोन-तीन वेढे देऊन हळूहळू सोडिला असता तर वेढ्यांच्या घर्षणानें ओझें आवरलें असतें. आणि खालीं हांकेस दुसरा माणूस असता तर अर्ज लिहिण्याची पाळीच आली नसती.

त्या अर्जांत रडगाणें नाहीं, कोणावर ठपकाही नाहीं. आपल्यांतही असे पुष्कळ आहेत. बोट चेंगरलें तरी "जरासें लागलें" म्हणून फडकें गुंडाळतात आणि वर एखादा विनोदही करतात. जखम लहान असते म्हणून नव्हे. उद्यांची मजुरी बुडेल म्हणून. त्यांच्या विनोदास हसावें, तो त्यांचा मान आहे. पण हसून झाल्यावर त्यांच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं हें विचारावें. आणि जो स्वतः परांचीवर चढत नाहीं त्यानें पडलेल्याची थट्टा करूं नये.

पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकांत मनुष्यास नफ्याचें साधन समजणें लाजिरवाणें आहे असें बजाविलें. आपल्या देशांत जखमी कामगारास भरपाई देण्याचा कायदा १९२३ सालीं झाला. पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं १ मे हा दिवस कामकरी संत जोसेफाचा सण ठरविला. पण कायदा व सण अपघातानंतर किंवा वर्षांतून एकदां येतात. शेजारी मात्र दोराच्या वेळीं येऊं शकतो.

म्हणून या महोत्सवीं आमचें एकच मागणें आहे. कोणीही एकट्यानें दोर सोडूं नये. हांक मारणाऱ्यानें लाजूं नये. ऐकणाऱ्यानें "येतों" म्हणून बसून राहूं नये. ज्यांच्या हातीं मजुरीचा हिशेब आहे त्यांनीं दुसऱ्या माणसाची मजुरी वांचवूं नये. ती बचत अखेर कोणाच्या तरी हाडांतून वसूल होते. संत पौलानें गलतीकरांस परस्परांचीं ओझीं वाहण्यास सांगितलें, तें विटांच्या ओझ्यासही लागू आहे.

नाझरेथच्या सुताराच्या बोटांसही कधीं पटाशी लागली नसेल असें कोण म्हणेल? तो संत जोसेफ आपल्या हातापायांचें रक्षण करो, आणि संध्याकाळीं प्रत्येकास धडधाकट घरीं पोहोंचवो. आमेन.