ओढू नका, वळवा

मी इंदूरची. २२ वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काम केलं. पण आज सांगणार आहे ती माझ्या घरात झालेली चूक, कारण ती बऱ्याच घरांत होते.

आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. आम्ही तिला घरी आणलं. भाड्याचा पलंग, हवेची गादी, दिवसा एक बाई, सगळी सोय केली. हवेची गादी आहे म्हटल्यावर कूस बदलण्याकडे आमचं दुर्लक्ष झालं. टीव्ही दिसावा म्हणून दिवसभर तिला टेकवून बसवायचो. ती खाली घसरली की मी आणि भाऊ बगलेत हात घालून तिला वर ओढायचो. आठवड्याभरात माकडहाडावर लाल डाग दिसला. मग कातडी फुटली. जखम भरायला तीन महिने लागले. आणि वॉर्डात मी इतरांच्या नातेवाइकांना हेच करू नका म्हणून सांगत आले होते!

असं का होतं? माणूस घसरतो किंवा आपण त्याला ओढतो, तेव्हा कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, दबतात. रक्त पोचत नाही आणि मांस आतून मरायला लागतं. म्हणजे नुसत्या दाबानंच नाही, ओढण्यानंही जखम होते. हवेची गादी दाब कमी करते, पण कूस बदलत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. साधारण दर दोन तासांनी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

आता वळवायचं कसं?

आधी रुग्णाला सांगा, "आई, डाव्या कुशीवर घेतेय हं." बोलता येत नसलं तरी सांगा. पलंगाची चाकं लॉक करा. लघवीची नळी असेल तर ती मोकळी करून घ्या. पाठीची बाजू खाली करून पलंग सपाट करा. धाप लागणारा रुग्ण असेल, तर सपाट करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर कायम अंगाखाली ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा अंगालगत गुंडाळून धरायच्या आणि एक-दोन-तीन म्हणत एकदम उचलून सरकवायचं. वर घ्यायचं असेल तरी असंच. बगलेत हात घालायचा नाही. पक्षाघाताचा हात तर कधीच ओढू नका, खांदा निखळू शकतो.

कुशीवर घेताना आधी रुग्णाला विरुद्ध कडेकडे सरकवा, म्हणजे वळल्यावर तो मधोमध येईल. पलीकडचा हात छातीवर ठेवा, पलीकडचा गुडघा वाकवा. एक हात खांद्यावर, एक खुब्यावर ठेवून आपल्याकडे वळवा. एकटे असाल तर आपल्यापासून दूर, मोकळ्या कडेकडे कधीच वळवू नका. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून उभे राहा, नाहीतर तुमची कंबर जाईल.

पूर्ण आडव्या कुशीवर ठेवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचाच कल द्या. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये. उताणं असताना एक उशी पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी. टाचेखालून तुमचा हात सहज गेला पाहिजे.

जेवताना मात्र नीट उठवून बसवा. जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच ठेवा, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. मग पाठीची बाजू ३० अंशांपर्यंत खाली आणा. माझी चूक इथेच झाली होती.

प्रत्येक वळणाला माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कान बघा. लाल डागावर बोट दाबा. दाबूनही लाली जात नसेल तर तो धोक्याचा इशारा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतं का ते हातानं पाहा. तो भाग चोळू नका. त्यावर भार येऊ देऊ नका. कातडी फुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शेवटची गोष्ट. आम्ही भिंतीवर वेळापत्रक लावलं: ८ ला डावी कूस, १० ला उताणं, १२ ला उजवी. आधी मी ते मराठीत लिहिलं होतं. बाईंना वाचता येईना. मग हिंदीत लिहिलं, पुढे सहीचा रकाना ठेवला. तेव्हापासून एकही पाळी चुकली नाही. तुमच्या घरी काम करणारी व्यक्ती कन्नड वाचत असेल तर कन्नडमध्ये लिहा, तेलुगू वाचत असेल तर तेलुगूत.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या माणसाच्या पोटऱ्यांखाली एक उशी सरकवा आणि टाचेखालून हात फिरवून बघा. बाकीचं उद्यापासून.