पहिलारू गाय आणि माझी एक्सेल शीट

आजच्या भागात कुठलं नवं ॲप नाही, एआय नाही. आज गायी. आणि माझी एक चूक, जी मी डेटा बघून, एकदम कॉन्फिडन्सने केली होती.

२०२०चा लॉकडाऊन आठवा. हिंजवडीतलं ऑफिस बंद, मी लॅपटॉप उचलून संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावी. घरी मुक्त संचार गोठा आणि आठ एचएफ गायी. मिल्किंग मशीन आहे, मुरघास आहे, पेंड विकतची. त्या वर्षी दुधाचा दर पडला होता, पेंडीचा मात्र नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक गायीचं दूध भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. मी म्हटलं, "अण्णा, हे मी शीटमध्ये टाकतो, कोणती गाय परवडते ते लगेच कळेल."

टाकलं. जास्त दूध हिरवं, कमी दूध लाल. सगळ्यात लाल निघाली राणी. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली. दिवसाला ११ लिटर. शेजारची गौरी २२ देत होती. खुराक दोघींना जवळजवळ सारखा. मी शीट दाखवली, दोन दिवस डोकं खाल्लं, आणि राणी विकली गेली. दोन गावं सोडून एका ओळखीच्यांनी घेतली.

तिसऱ्या वेताला राणी त्यांच्याकडे २३ लिटरवर गेली. हे मला त्यांनीच एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, फार प्रेमाने सांगितलं.

माझ्या शीटमध्ये दोन कॉलमच नव्हते. पहिला, गाय व्यायल्याला किती दिवस झाले. दुसरा, वेत कितवं. गाय व्यायली की दूध वाढत जातं, साधारण सहा ते आठ आठवड्यांत शिखर गाठतं, मग हळूहळू उतरतं. साधारण ३०५ दिवसांचं एक वेत धरतात, मग पुढच्या बाळंतपणाआधी दोनेक महिने गाय आटवतात. या वळणाचं गणिती सूत्र वुड नावाच्या संशोधकाने १९६७ साली 'नेचर'मध्ये छापलंय. फक्त तीन अक्षरं फिट करायची असतात. मला हे बीटेकच्या कर्व्ह फिटिंगच्या तासाला कुणी सांगितलं असतं तर मी जागा राहिलो असतो. तर, राणी सातव्या महिन्यात होती आणि गौरी दुसऱ्या. मी उतरणीवरची गाय शिखरावरच्या गायीशी तोलत होतो.

आणि वेत? पहिलारू गाय स्वतःच अजून वाढत असते. खाल्लेल्यातलं बरंचसं तिच्या हाडामांसात जातं. कासेतली दूध तयार करणारी पेशीही प्रत्येक गाभणपणात वाढत जाते. त्यामुळे पहिल्या वेताचं दूध ऐन भरातल्या दुधाच्या ७५ ते ८० टक्के असतं, आणि भर येतो तिसऱ्या ते पाचव्या वेतात. अजून एक गंमत आहे. पहिलारूचं शिखर बुटकं असतं, पण उतारही सावकाश असतो. जुनी गाय उंच जाते आणि भराभर उतरते.

आता खरा पैशाचा प्रश्न. सोपे आकडे धरू. कालवड २७ महिन्यांची होऊन व्यायली, म्हणजे ८२० दिवस नुसतं खाल्लं, दूध शून्य. मग दर ४०० दिवसांनी एक वेत. दूध धरा ४०००, ४६००, ५००० आणि ५००० लिटर. दोन वेतांनंतर गाय गेली तर आयुष्यातल्या दर दिवसामागे ५.३ लिटर पडतात. चार वेतं टिकली तर ७.७. गाय तीच, गोठा तोच.

आणि गंमत बघा, जगातल्या सगळ्यात इंटेन्सिव्ह डेअऱ्यांत नेमकं हेच निसटतं. अमेरिकेत एक गाय वर्षाला सरासरी दहा हजार किलोच्या वर दूध देते, पण सरासरी तीन वेतांच्या आसपास कळपातून बाहेर पडते. म्हणजे ऐन भरात. कारणं ठरलेली: गाभण राहत नाही, कासदाह, लंगडणं. याचं मूळ बरंचसं त्या शिखरातच आहे. दूध सहाव्या-आठव्या आठवड्यात चढतं, भूक मात्र त्यानंतर कित्येक आठवड्यांनी पूर्ण खुलते. मधल्या काळात गाय अंगावरची चरबी मोडून दूध देते. तिकडच्यांची बाजूही सांगतो, नवी कालवड जनुकीयदृष्ट्या सरस असते आणि काढलेल्या गायीचे मांसासाठी पैसे मिळतात. आपल्याकडे दुसरी वाट कायद्यानेच बंद आहे, आणि चांगली नवी गाय बाजारात घ्यायला गेलं तर किंमत लाखाच्या घरात. त्यामुळे त्यांचं गणित उचलून इथे चिकटवलं तर फसतं. बाकी टिकलेली एचएफ काय करू शकते तेही ऐका: कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या स्मर्फ नावाच्या गायीचं आयुष्यभराचं दूध २०१२ साली, १५ वर्षांची असताना, २ लाख १६ हजार किलोच्या पुढे गेलं होतं. गिनीज बुकात नाव आहे तिचं.

हे सगळं वाचून मी नवीन ग्राफ काढला. वेत क्रमांक आणि सरासरी दूध. रेघ पाचव्या वेतापर्यंत मस्त चढत गेलेली. अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "जी आजारी पडली ती आपण विकली. ती तुझ्या पाचव्या वेतात येणार कुठून? तिथे चांगल्याच उरल्यात." पुण्यात यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात आणि त्यावर मीटिंग लावतात. तेव्हापासून मी प्रत्येक गायीची रेघ तिच्याच आधीच्या वेताशी ताडतो, दुसरीशी नाही.

गौरी गेल्या महिन्यात पुन्हा व्यायली. वय झालंय. दुसऱ्याच दिवशी बसली ती उठेना. मिल्क फिव्हर. हा जुन्या गायींनाच जास्त होतो, कारण दूध एकदम उतरतं आणि रक्तातलं कॅल्शियम घसरतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, तेव्हा उभी राहिली. चारपैकी एक सड कासदाहाने बंद आहे, तरी १९ लिटर देतेय. व्यापारी येऊन बघून गेला, रविवारी परत येणार आहे. आईचं म्हणणं, ठेवायची. अण्णांनी काल फोनवर विचारलं, "तुझी शीट काय म्हणते?"

शीटमध्ये ती पिवळी आहे. मी शनिवारी गावी चाललोय.