डोळ्यांतलं पाणी आणि थोडं तेल



संयोजकांचा आग्रह होता की मी एआयवर बोलावं. पण वर्षभरात आपल्या ग्रुपवर मला एआयबद्दल कोणी फारसं विचारलेलं नाही. "अगं, तू डोळ्यांत कुठले ड्रॉप्स घालतेस?" हे मात्र निदान दहा जणांनी विचारलं. म्हणून आज त्याबद्दल बोलते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोज नऊ-दहा तास स्क्रीनसमोर बसते आणि गेली चार वर्षं कोरड्या डोळ्यांवर उपचार घेते आहे. बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही, ही आमच्या कामातली सवय मला इथे फार उपयोगी पडली.

विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर काढलेली डोळ्याची आकृती तुम्हाला आठवत असेल. भिंग, बाहुली, दृष्टिपटल, सगळं रंगीत खडूंनी. त्या आकृतीच्या सगळ्यात बाहेर आणखी एक रेघ हवी, अश्रूंच्या थराची. हा थर म्हणजे नुसतं पाणी नाही. तळाशी बुबुळाला धरून राहणारा चिकट श्लेष्म, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ तवंग. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या बारीक ग्रंथींतून येतं. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. सतराव्या शतकातल्या हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याचं नाव त्यांना मिळालं आहे. पापणी पूर्ण मिटली की त्या दाबल्या जातात आणि तेल सगळीकडे पसरतं. तवंग नीट नसेल तर खालचं पाणी भराभर वाळतं.

कोरडे डोळे म्हणजे पाणी कमी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याच जणांमध्ये पाणी असतं, तेल बिघडलेलं असतं. ग्रंथींतलं तेल घट्ट होतं आणि त्यांची तोंडं बुजतात. म्हणूनच "माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी वाहतं, मग ते कोरडे कसे?" या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डोळा कोरडा पडून चुरचुरतो, मेंदू घाईने पाण्याचा लोंढा सोडतो, ते पाणी गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच.

एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं आणि जी लवते तीही अर्धवट. हे फक्त आम्हा आयटीवाल्यांचं नाही. शिवणकाम करणारी, रात्री पेपर तपासणारे सर, मोबाइलवर मालिका बघणारे आजी-आजोबा, सगळ्यांचं तेच. त्यात एसीचा झोत किंवा पंखा तोंडावर असेल, रोज दुचाकीचा वारा लागत असेल, कॉन्टॅक्ट लेन्स असतील, तर भर पडते.

आता मैत्रिणींसाठी. आपण ज्या वयात आलो आहोत तिथे पाळी जाण्याच्या सुमारास संप्रेरकं बदलतात आणि डोळे कोरडे होण्याचं प्रमाण बायकांमध्ये वाढतं. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, मुरुमांसाठी मुलांना देतात ते आयसोट्रेटिनॉइन, यांनीही डोळे कोरडे होतात. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्या.

आपल्यातलीच एक मैत्रीण आज इथे बसली आहे. तिच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. दोन वर्षं ती एकामागून एक ड्रॉप्स बदलत होती. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "पाण्याची बाटली सतत जवळ लागते का? भाकरीचा घास कोरडा गिळता येतो का?" तिला तो गिळता येत नव्हता. सकाळी बोटांचे सांधेही आखडायचे. रक्ततपासणीत श्योग्रेन निघाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. आता ती संधिवाततज्ज्ञांकडे नियमित जाते. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. डोळ्यांच्या तपासणीत तोंडाचा विषय निघेलच असं नाही.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नसतं. खालच्या पापणीत टिपकागदाची छोटी पट्टी पाच मिनिटं अडकवून ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यांत पिवळसर रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहाच्या आत फाटला तर थर कच्चा. माझा चारमध्ये फाटत होता, पट्टी मात्र छान भिजली होती. म्हणजे गडबड तेलाची.

त्यामुळे माझा मुख्य उपचार शेक. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. रुमाल एक-दोन मिनिटांत गार होतो, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचा. एकूण पाच ते दहा मिनिटं. मग लगेच, तेल मऊ आहे तोवर, वरची पापणी खाली आणि खालची वर अशी कडेकडे हलक्या बोटाने चोळायची. डोळा दाबायचा नाही. दोन दिवसांत काही होत नाही. मला सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं कमी व्हायला महिना लागला आणि शेक सोडला की पंधरा दिवसांत ते परत येतं. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका गुण मला दुसऱ्या कशाचा आला नाही.

स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवा. डोळा कमी उघडा राहतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा आणि तेवढ्यात चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका, त्याने डोळ्यांचा ताण कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचंही तसंच. २०१८मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत. जवसाची चटणी आवडते म्हणून जरूर खा.

ड्रॉप्सबद्दल एवढंच. कृत्रिम अश्रू बहुतेकांना चालतात, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. लाली घालवणारे ड्रॉप्स रोज घालू नका. आणि दुकानदाराने दिले म्हणून स्टिरॉइडचे तर कधीच नाहीत. बरं वाटतं, आणि आत डोळ्यांतला दाब वाढत जाऊन काचबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणी, मध, एरंडेल डोळ्यांत नको. आजारच तसा असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, ते लागू पडायला काही महिने जातात. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बूच बसवण्याचाही उपाय आहे.

सर आणि बाई, आपल्यासाठी एक वेगळी गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे वाटणं नेहमीचं आहे. काचबिंदूच्या थेंबांनीही चुरचुरतं, कारण बऱ्याच बाटल्यांत प्रिझर्व्हेटिव्ह असतं. पण म्हणून ते थेंब मनाने बंद करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चुरचुरतं हे डॉक्टरांना सांगितलं की ते दुसरे देऊ शकतात.

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अचानक अंधूक झाली असेल किंवा लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, तर तो नुसता कोरडेपणा समजू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.